पिवळ्या काठाचं टोपडं

पिंगळीला स्टेशनलगतच्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई एकटीच राहायची. दाराशी आली की उंबऱ्याबाहेरूनच विचारायची, "चिंध्या हायत का, वैनी? चुलीत घालू नका." बोलताना तिची बोटं पदराची कड दुमडत राहायची.

गल्लीत कुणाकडंही बाळ झालं की त्याच चिंध्यांचं टोपडं यायचं. माझ्या थोरल्यालाही आलं, पिवळ्या काठाचं, आतून मऊ जुनेराचं. पण ती बौद्ध, आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गाव तापलेलं. सासूबाईंनी ते बाळाच्या डोक्याला लागू दिलं नाही. मीही बोलले नाही. टोपडं चुलीपाशी पडून राहिलं. एकदा ती दारात उभी असतानाच दूध उतू जायला लागलं. हाताला येईल त्यानं मी पातेलं उतरवलं, आणि बघते तर हातात टोपडं.

ती टोपड्याकडं बघत पदराची कड दुमडत निघून गेली. आठ दिवसांनी चिंध्यांचा जाड चौकोन शिवून घेऊन आली. म्हणाली, "टोपडं लय पातळ पडतंय, वैनी. हात पोळंल."

धाकट्याच्या वेळी मी टोपड्याची वाट पाहिली. बारशाला ती आली, उंबऱ्याबाहेरच थांबली. तिच्या हातात तसलेच दोन जाड चौकोन होते.