पावणेसातची गाडी

कोराडीच्या वीजकेंद्रातल्या ड्यूटीची आमची बस बर्डीच्या चौकातून सकाळी सातला सुटायची. ड्रॉइंग सेक्शनच्या एका गृहस्थांना मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून पावणेसात सांगून ठेवलं होतं, कारण आणखी एक लेट मार्क झाला असता तर त्यांची नोकरीच गेली असती. दर सोमवारी ते आपल्या सकाळचं नवं वेळापत्रक करायचे. लाल-निळ्या पेन्सिलीनं इतकं सुबक आखायचे की आखता आखता आंघोळच राहून जायची. सातला दोन मिनिटं असताना ते धापा टाकत दिसायचे, शर्टाची बटणं वरखाली, एक मोजा हातात. "गेली का गा?"

एकदा एका नव्या कारकुनानं बसमध्ये त्यांच्यासमोरच खरी वेळ बोलून दाखवली. ते हसले.

"मले पयलेपासून मालूम हाये गा. पण सातची म्हटलं का मी घरीच रेंगाळतो. तुमी सारे पावणेसातची म्हनता न, तवा कुठं पाय उचलते."

एवढं बोलून ते सीटवर टेकले आणि ताडकन उठले. "डबा पानठेल्यावर राहिला!"

सात वाजून गेले होते. ड्रायव्हरनं इंजिन अजून सुरूच केलं नव्हतं.