मिशीवाल्याचा दहावा

चहा थंड झाला तरी चालेल, पण आधी माझी फजिती ऐका. तुम्ही कुणाच्या दहाव्याला घाटावर गेला असाल. पण जो माणूस आपण चड्डीत होतो तेव्हाच अमेरिकेत वारला, ज्याचं-आपलं काही नातं नाही, ज्यानं जन्मात कधी कोल्हापूर हे नावही ऐकलं नसेल, त्याचा दहावा पंचगंगेच्या घाटावर घातलाय कधी?

मी घातलाय!

मी देसाई. राजारामपुरीत तीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. मग कॉम्प्युटर आला आणि इन्स्टिट्यूट गेली, मग बायको गेली, मग मुलगी कॅनडाला गेली. जुनं घर खायला उठायचं म्हणून विकलं आणि चार वर्षांपूर्वी या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. दिवाळीचं फराळाचं ताट सोडलं, तर चार वर्षांत माझी बेल वाजवली ती गॅसवाल्यानं आणि कुरिअरवाल्यानं. कुरिअरवाला तर बहुतेक वेळा वरच्या मजल्याचा पत्ता विचारायला.

मुलीचा फोन दर रविवारी. व्हिडिओवर, चार मिनिटं. "जेवलात का? गोळ्या घेता ना? बरं, ठेवते." दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात असाच फोन चालू होता आणि मागं नातू टीव्हीवर नाताळचं कार्टून बघत बसलेला. बर्फ, पोरं, एक केविलवाणं झाड, आणि त्या सगळ्याच्या पाठीमागं पियानो. अहो, काय पियानो! वरवर सण, आणि आत एकटंच कुणीतरी खिडकीत उभं. फोन कधी संपला मला कळलंच नाही. मी तसाच मोबाईल धरून बसलो होतो.

मग शोध घेतला. वाजवणारा गृहस्थ जाझवाला. जाड मिशी, जाड चष्मा. फेटा बांधला असता तर शिरोळकडचा पाटीलच शोभला असता. आयुष्यभर क्लबांतून वाजवलं, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो पोरांच्या कार्टूनमुळं. अकालीच गेला. पण त्याचे चाहते बघा! जगभरातल्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, त्यात मी शिरलो. कुणाचे वडील दर नाताळला हीच रेकॉर्ड लावायचे, म्हणून वडील गेल्यावर मुलगा लावतो. एक बाई लिहायची की नवरा वारल्यावर घरात पहिला आवाज केला तो या पियानोनं. मी इंग्रजीत दोन ओळी लिहायचो. टायपिंगची चूक एकही नाही, एवढा एकच माझा रुबाब.

तर रोज संध्याकाळी मी, हेडफोन आणि मिशीवाला. आणखी कुणाची गरज? असं म्हणायचो खरं. गरज होतीच.

समोरच्या दारात मंगलताई. चार फुटांवर दार. पण माणसं कशी असतात बघा. मागच्या दसऱ्यानंतर मी भाजी घेऊन वर आलो, कानात पियानो चालूच, तर त्यांच्या दारात चपलांचा हा ढीग! खालच्या मजल्यावरच्या अण्णा मगदुमांची जाडजूड चप्पलसुद्धा त्यात. म्हणजे बारसं असेल, साखरपुडा असेल, साऱ्या बिल्डिंगला आमंत्रण आणि समोरच्याला नाही! 'काय जत्रा भरलीय!' असं मनातल्या मनात पुटपुटत चपला ओलांडल्या आणि धाडकन दार लावून घेतलं. पुढं दिवाळीत तर कहरच. दरवर्षी त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं. यंदा चकलीचा तुकडा नाही! दारात आकाशकंदीलसुद्धा लावला नाही, इतका चिक्कूपणा. मीही मनात धरलं. जिन्यात भेटल्या की मी माझ्या कुलपाकडं बघायचो.

आता मूळ फजिती.

ग्रुपवर ठरलं की फेब्रुवारीत मिशीवाल्याच्या पुण्यतिथीला प्रत्येकानं आपल्या घरी त्याचा फोटो मांडायचा, दिवा लावायचा, त्याचं संगीत लावायचं आणि घराचं दार सताड उघडं ठेवायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानावर पडेल. मी लगेच फोटो मोठा करून घेतला. फ्रेमवाल्यानं फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, आणि न विचारता वर चंदनाचा हार चढवून दिला. छान दिसत होता, मीही राहू दिला. इस्त्रीचा पांढरा झब्बा घातला. पाचच्या सुमाराला दिवा लावला, सतरंजी टाकली, दार उघडलं आणि संगीत लावून फोटोसमोर बसलो. ती हळू धून लागली की माझे डोळे भरतात. लपवायचं काय त्यात? भरतात.

दारात मंगलताई. त्यांनी फोटो बघितला, हार, दिवा, झब्बा, माझे डोळे. चप्पल काढून सरळ आत येऊन सतरंजीवर बसल्या. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी आधीच सांगून ठेवतो.

"कवा झालं?"

माझ्या डोक्यात पुण्यतिथी. "आजच्याच दिवशी."

"आजारी हुते?"

"नाही हो. अचानक. वयही काही नव्हतं."

"कोन लागत हुते तुमचे?"

"लागत कोणी नव्हते. पण दोन वर्षं रोज संध्याकाळी त्यांचीच सोबत."

"आमास्नी कधी दिसले न्हाईत ते!"

"अमेरिकेत असायचे. मोबाईलवरच काय ते."

"व्हय, आता सगळं मोबाईलवरच," मंगलताईंनी पदर डोळ्याला लावला. "मग माती?"

"तिकडंच."

आणि त्या रडायलाच लागल्या की हो! हमसून हमसून! आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोंड उघडलं, "अहो मंगलताई, तसं नाही…" पण त्या उठून जिन्यात गेल्या होत्या आणि खणखणीत आवाजात खाली सांगत होत्या, "अण्णा, वर या! मास्तरांचं जवळचं मानूस गेलं!"

पाच मिनिटांत माझ्या दारात चपलांचा ढीग! अण्णा आले. अण्णा म्हणजे शिरोळचे जैन शेतकरी, पोरांच्या शिक्षणासाठी इथं राहणारे, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, आवाज ट्रॅक्टरचा. माझ्या पाठीवर असा हात ठेवला की मी फोटोवर पडता पडता वाचलो. "मास्तर, आमी हाय की!"

तासाभरात पिठलं-भाकरी आली. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नसते ना. चार वर्षांनी माझ्या घरात दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी. समोर अकरा माणसं बसलेली. कुणी ताट वाढतंय, कुणी पाणी देतंय, कुणी म्हणतंय, "खावा मास्तर, अंगात ताकद पायजे."

आता तुम्हीच सांगा, त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं?

मी म्हटलं, "थोडं पिठलं वाढा."

झालं! चूक झाली ती तिथं. आधीचा नुसता घोटाळा होता.

त्यातून मी आणखी शहाणा. त्या अकरा जणांचा फोटोसकट फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. जगभर खळबळ! "कोल्हापुरात एवढे चाहते!" "मी इथं बर्फात एकटीच बसले, तुम्ही किती भाग्यवान!" ही ती नवरा वारलेली बाई. मी तिला लिहिलं, हो. टायपिंगची चूक एकही नाही.

म्हणजे बघा, इकडच्यांना वाटतंय माझं जवळचं माणूस गेलं, तिकडच्यांना वाटतंय राजारामपुरी जाझवर पोसलीय, आणि मध्ये मी भाकरी खातोय.

रोज संध्याकाळी लोक यायचे. अण्णा मावळतीच्या आत जेवून, माझा डबा घेऊन. मंगलताई रोज फोटोसमोर बसायच्या. "ते लावा की," म्हणायच्या. "चांगलं हाय. जरा उदास हाय, पन चांगलं हाय." पियानो सुरू झाला की त्यांचे डोळे वाहायचे. मला वाटायचं, काय माणूस आहे! माझ्या दुःखात किती विरघळलीय! रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, मागं इतकी माणसं कुठली?" म्हटलं, शेजारी आहेत. मग तिनं सगळ्यांशी गप्पा मारल्या. फोन पंचवीस मिनिटं चालला. सांगा, कसं खरं बोलायचं?

रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचंच. रोज संध्याकाळी चपला वाजल्या की गप्प.

नवव्या दिवशी अण्णांनी बॉम्ब टाकला. "मास्तर, तिकडं त्येंचं दहाव्याचं कोन करनार? उद्या आपन घाटावर जाऊ. आमच्यात हे नसतंय, पन तुमच्यासाठी येतो."

मी सतरा कारणं काढली. एक चाललं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी पंचगंगेचा घाट. पानावर भाताचा घास, समोर आम्ही नऊ जण हात जोडून. कावळे झाडावर भरपूर, पण एक खाली येईना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला.

"कायतरी इच्छा ऱ्हायली असंल," मंगलताईंचे यजमान म्हणाले.

"मटान ठेवायला पायजे हुतं," आणखी कुणीतरी.

अण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो विषय तिथंच संपला. "अमेरिकेचा मानूस, भात खाईल व्हय? पाव आना!" म्हणत अण्णा स्वतः टपरीवरून पाव घेऊन आले. तरी कावळा ढिम्म.

"मास्तर, आता तुमीच शब्द द्या त्येला," अण्णा म्हणाले. "काय ऱ्हायलं असंल त्येचं, तुमालाच म्हाईत."

आठ माणसं उपाशीपोटी माझ्याकडं बघत होती. माझी सगळी हवाच गेली.

"कावळा यायचा नाही," मी म्हटलं. "हा माणूस मी लहान असतानाच वारलाय. मी त्याला कधी भेटलेलो नाही. कार्टूनला पियानो वाजवायचा. मी नुसता त्याचा चाहता."

पलीकडं घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"म्हंजे," अण्णा हळू बोलायचा प्रयत्न करत होते, "धा दिवस आमी कार्टूनवाल्याचं सुतक पाळलं?"

"हो."

"पयल्याच दिवशी का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता."

अण्णांनी हातातल्या पावाकडं बघितलं. "मला भूक लागलीया," म्हणाले आणि पाव तोंडाला लावणार, एवढ्यात झाडावरून कावळा झपकन आला आणि भाताकडं ढुंकून न बघता अण्णांच्या हातातला पाव घेऊन गेला!

पहिले हसले ते अण्णाच. मग यजमान, मग सगळे. घाटावरची धुणंवाली माणसंसुद्धा बघायला लागली. फक्त मंगलताई हसल्या नाहीत. मी हात जोडून म्हटलं, "ताई, माफ करा. माझ्यासाठी तुम्ही फुकट रडलात."

"तुमच्यासाठी?" त्यांनी मान वर केली. "रडलो ते माझं मी रडलो. तुमच्या मिशीवाल्याला मी वळखतो व्हय?" आणि पायऱ्या चढून पुढं गेल्या.

घरी आल्यावर मी किल्ली काढत होतो, तर मागून आवाज आला, "या की आत."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दारात चप्पल काढली. आत भिंतीवर फोटो. चाळिशीचा माणूस, हसरा, ताजा हार.

"कोण?"

"माझा धाकटा भाऊ. गडमुडशिंगीत असायचा."

मला एकच प्रश्न सुचला, तोही चार महिने उशिरा. "कधी झालं?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. भेटायला मानसं आलती, दारात चपला हुत्या. सगळी बिल्डिंग आलती, तुमी न्हाय. समोरचं दार बंद असलं की कसं वाटतंय, ते तवा कळलं. म्हनून तुमचं दार उघडं बघितलं तसा सरळ आत आलो."

चपला. फराळ. कंदील. सगळं एकदम डोक्यात आलं. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं. मी आलो असतो हो!"

"आलता की," त्या शांतपणे चहाचा कप माझ्यापुढं ठेवत म्हणाल्या. "कानात त्ये घालून. आमच्या चपला वलांडताना केवढ्यांदा वरडला, काय जत्रा भरलीय म्हनून!"