फुल्यांचा कागद

गिर्यारोहणाच्या त्या टोळक्यात तिचं खरं नाव आता कुणी घेत नाही. सगळे तिला मुकादम म्हणतात. चौदा उन्हाळे पाच जणांना एकाच दिवशी, एकाच गाडीत, दोर-खिळ्यांसकट बसवायचं काम तिने केलं, म्हणून हे नाव पडलं. ठेवलं होतं लाडाने, पण मुकादमकीची सगळी कामं खरोखरच तिच्या गळ्यात पडली.

पोटापाण्यासाठी ती कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येतात, त्यांवरून ती मेणाच्या हिरड्या करते आणि एकेक दात चिमटीत धरून त्यात बसवते. एकोणतीस वर्षं हेच काम. या हिवाळ्यात मात्र चिमटीतून दात सुटायला लागले. सकाळी बोटं उघडायलाच अर्धा तास लागायचा. शेवटी डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "सांध्यांचा आजार आहे. औषध घ्या, कवळ्या होतील. पण बोटांवर सगळ्या अंगाचा भार? फार तर हा उन्हाळा. पुढच्या वर्षी कड्याचं नाव काढायचं नाही."

घरी तिने हे फक्त नवऱ्याला सांगितलं. हा माणूस पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघत उभा राहतो, त्यामुळे कड्यांबद्दल त्याचं मत कुणी विचारत नाही. तरी तो म्हणाला, "अगं, मग त्यांना सांग ना सरळ."

"नको. कीव करतील. मला कीव नकोय, मला बेट हवंय."

बेट म्हणजे उत्तरेच्या डोंगरांपलीकडच्या समुद्रातलं. त्याच्या पश्चिमेला पाण्यातून सरळ वर आलेला काळा कडा आहे. पहिल्या उन्हाळ्यापासून ती त्याच्यासाठी जीव टाकत होती, आणि पहिल्या उन्हाळ्यापासून सगळे तिला "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होते. अडचण तारखांची होती. कड्यावर पाखरं अंडी घालतात, त्यामुळे जुलैच्या मध्यापर्यंत तिथे हात लावू देत नाहीत. ऑगस्टच्या मध्यापासून वारा सुटतो. मधल्या महिन्यात सलग दहा दिवस हवेत. तीन प्रवासाचे, तीन वाटेतल्या डोंगरांचे, चार बेटाचे. बेटाकडे जाणारी बोट आठवड्यातून एकदाच, तीही मंगळवारी; परतीची शनिवारी.

आणि तारखा ठरायच्या फुल्यांच्या कागदावर. इकडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट; त्यातले सगळे दिवस एका मोठ्या कागदावर आखायचे, आणि ज्याला जो दिवस जमत नाही त्याने तिथे पेन्सिलीने फुली मारायची. उरतील ते दिवस सहलीचे. पहिल्याच वर्षी कुणाचं कारण मोठं यावरून दोघांची जुंपली होती, तेव्हा हा नियम तिनेच केला: फुली मारायची, कारण सांगायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही. मोठा शहाणपणा केला असं तेव्हा तिला वाटलं होतं.

या वर्षी कागद तिने मार्चमध्येच आखला आणि नळवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत, पाइप ठेवायच्या घोडीवर चिकटवला. नळवाला हा त्यांच्यातला सगळ्यात दणकट गडी. खोली त्याची, चहा त्याचा, म्हणून बैठक तिथे. एप्रिल गेला. मास्तर, म्हणजे गणित शिकवणारे, "बघतो" म्हणाले. तिचा धाकटा भाऊ "वहिनीला विचार" म्हणाला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "ह्यांचं ठरू दे आधी." एकाला फोन केला की तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. हिचे हेलपाटे सुरूच. मे महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी एकदाच्या फुल्या मारल्या, आणि शनिवारी दुपारी ती कागदापुढे उभी राहिली.

मधल्या महिन्यात सलग चार दिवस मोकळे होते. चार! तेही गुरुवार ते रविवार.

"मग काय, जवळच्या टेकड्या करू," नळवाला कपात साखर घालत म्हणाला. "मस्त होईल. बेट काय, कुठे पळून जातंय?"

"पुढच्या वर्षी नक्की," भाऊ म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कीव नको, नियम मोडायला नको, हे सगळं त्या क्षणी गेलं उडत.

"पुढच्या वर्षी मी नसेन," ती ओरडली. "म्हणजे मरत नाहीये, तोंडं पाडू नका! बोटं गेली माझी. हे बघा." तिने मूठ वळून दाखवली. ती अर्धवटच वळली. "डॉक्टरांनी एवढाच उन्हाळा दिलाय. चौदा वर्षं तुमच्या फुल्यांमधून वाट काढली मी. एकदा तरी म्हटलं का, ही फुली कसली म्हणून?"

मग वहिनीने मास्तरांच्या खिशातलं खोडरबर मागून घेतलं.

"ताई, माझ्या ह्या सहा फुल्या काढते. माहेरचे पडदे बदलायचे होते. ते काय, कधीही होतील."

"माझ्याही पुसा," मास्तर खाली बघत म्हणाले. "पेपर दहा तारखेलाच तपासून होतात. पुढचे दिवस आपले हाताशी असावेत म्हणून ठेवले होते."

भावाने मित्राकडे क्रिकेट बघायला जायचं ठरवलं होतं. नळवाल्याला तर कारणच आठवेना. "मंगळवारी मला निघायला आवडत नाही," तो शेवटी म्हणाला, "म्हणून मारल्या असतील."

पाच मिनिटांत कागद साफ झाला. तीन आठवडे सलग मोकळे, त्यांत तीन मंगळवार.

"घे मुकादम!" नळवाल्याने टाळी वाजवली. "झालं की नाही? बेट तुझं!"

तिला आनंद व्हायला हवा होता. ती कागदाकडे बघत राहिली. तारखा जुळवायला तिने रजा फिरवल्या होत्या, एकदा सासूबाईंचं ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकलायला लावलं होतं, रात्रपाळ्या केल्या होत्या. कशासाठी, तर पडद्यांसाठी.

"आणि मागच्या वर्षीच्या फुल्या?" तिने विचारलं. "त्याच्या आधीच्या? त्याही अशाच होत्या?"

वहिनी रबराचा भुगा तळहातावर गोळा करायला लागली. भाऊ दाराकडे बघत होता.

"मागच्या वर्षी माझी बोटं धड होती," ती म्हणाली.

उत्तराची वाट तिने बघितली नाही. स्टूल ओढून ती बसली, पिशवीतून बोटीचा फॉर्म काढला, आणि पेन मुठीत धरलं, कारण चिमटीत ते राहत नव्हतं.

"जन्मतारखा सांगा," ती म्हणाली. "एकेकाने. आणि मोठ्याने."