काच पुसायची राहिली

समोर आलेल्या माणसाच्या नाकावरचा चष्मा आमच्या कारखान्यातले फिटर दादा सरळ काढून घ्यायचे. विचारणं वगैरे काही नाही. गळ्यातल्या पंच्याच्या टोकाने काचा पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे आणि परत नाकावर चढवायचे. "हां. आता बघा, भाऊ." आमच्या मॅनेजरचा चष्माही त्यांनी भर पाळीत असाच उतरवला होता. मॅनेजर बिचारा चाचपडत उभा!

तुम्ही-आम्ही विमानांची मॉडेलं करणारी माणसं. कुठल्या वैमानिकाने किती विमानं पाडली, त्याच्या शेपटीचा रंग कोणता, सगळं आपल्याला तोंडपाठ. मोहोपाड्याला कारखान्याच्या कॉलनीत माझ्याही खोलीभर विमानं टांगलेली असायची. हे दादा एकदा माझी पाण्याची मोटर बघायला आले. मोटर राहिली बाजूला, वर बघतच उभे राहिले.

"हे आमचं," हरिकेन नावाच्या एका जुन्या लढाऊ विमानाकडे बोट दाखवून म्हणाले.

मला वाटलं, मारतायत थापा. पण कळंबच्या बाजूचा हा माणूस तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, खरंच हवाई दलात भरती झाला होता आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानांची देखभाल करत होता. "इमान आमचं. साहेबांना आमी फक्त वापराया द्यायचो," हे ते काय ऐटीत सांगायचे! मेकॅनिक लोकांत तसं म्हणायची रीतच होती म्हणे. आणि त्यांचा साहेब काही साधासुधा नव्हता. जपान्यांची पाच विमानं पाडून 'एस', म्हणजे अव्वल लढवय्या वैमानिक, ठरलेला, पण वयाने अगदी पोरगेला. उडण्याआधी तो यांच्या पाठीवर थाप मारायचा, आणि उतरला की त्याला खुर्चीशी बांधणारे खांद्यांवरचे पट्टे हेच सोडवायचे.

मग ते दर रविवारी यायला लागले. सावरीच्या लाकडात साहेबाचं विमान कोरायला घेतलं. वैमानिकाच्या डोक्यावरची काच केली धुतलेल्या एक्स-रेच्या फिल्मची. विमान झालं, रंग झाला, पण काच काही बसवेनात. पुसायची, ठेवायची, पुन्हा उचलून पुसायची. शेवटी मी वैतागलो. "अहो दादा, झिजेल ती! बसवा की आता."

त्यांनी मान खाली घातली.

"काचंवर माशीएवढा डाग असला ना भाऊ, तर त्याच्यामागं दुश्मनाचं अख्खं इमान लपतं. दिसतच नाय. म्हणून मी रोज पुसायचो. त्या दिवशी एकदम घंटा झाली, साहेब पळत आले, बसले, गेले. काच पुसायची राहिली." बराच वेळ फिल्मचा तुकडा हातात फिरवत राहिले. "परत आलेच नाय. माझ्यामुळं गेले का हो? एवढं तरी कळाया हवं."

इतकी वर्षं हा माणूस हे मनात घेऊन कामावर येत होता, हसत होता, लोकांचे चष्मे पुसत होता.

मी साहेबाचं नाव विचारून घेतलं आणि त्याच्याबद्दल काही छापून आलं तर ठेवा, असं मुंबईतल्या मॉडेलच्या दुकानांत सांगून ठेवलं. बऱ्याच दिवसांनी मॉडेलवाल्यांचं एक विलायती मासिक हाती आलं, त्यात त्याच साहेबाच्या लढाईतल्या कामगिरीवर लेख. धावतच त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. हे हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून समोर बसले.

मी मराठी करून वाचत गेलो. नाकाचा रंग, पोटाखालचा रंग, पंखावरच्या खुणा, कुठलं विमान कुठे पाडलं. प्रत्येक रंगाला ते मान डोलवत म्हणायचे, "बराबर." आणि शेवटी एकच ओळ. त्या सकाळच्या उड्डाणावरून ते परत आले नाहीत.

"फुडं?"

मी पान उलटलं. तिथे डिंकाची जाहिरात होती.

"पुढे काही नाही, दादा."

"रंग समदे लिवले. आन् माणूस कसा गेला ते नाय?" आवाज जरासुद्धा चढला नाही. "परत आले नाय, हे मला ठावं हाय, भाऊ. मीच हुबा हुतो ना तिथं, आभाळाकडं बघत."

मला त्या मासिकाचा असा संताप आला! आणि आपलाही आला, खरं सांगतो. शेपटीच्या रंगाची छटा चुकली म्हणून आपण एकमेकांशी भांडतो.

नोकरी संपल्यावर ते गावी गेले. वारल्याची खबर मला उशिराच कळली. मी गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या.

"लय ताप हुता," त्या म्हणाल्या. "साहेब उतरले का, साहेब उतरले का, सारखं तेच. मला काय कळतंय इमानातलं? मी म्हनलं, उतरले. आत्ताच उतरले. तवा कुठं जरा निवले. म्हनाले, थांबा साहेब, पट्टे सोडवतो. आन् माझ्याच खांद्यावर बोटं चालवाया लागले. आधी हिकडचा पट्टा, मंग तिकडचा."

"मग हो?"

"मी हलले नाय, भाऊ. सोडवू दिले."