आत्याची नाडी

अकोल्याच्या माझ्या दवाखान्यात आज मलमपट्टीच्या कापसातली सरकी काढत बसले आणि त्या तेलकट वासानं मला थेट अमरावतीच्या आमच्या घरात नेलं.

कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ. ओसरीभर कापूस रचलेला होता आणि आतल्या खोलीत बाळंतीण आई तापानं फणफणत होती. बाबांनी सरकारी डॉक्टर आणला. तो पडद्याबाहेर बसला. नाडीसाठी आतून हात पुढे आला.

“ताप नाही,” डॉक्टर म्हणाला.

कसा असेल? भावजयीला परपुरुषाचा हात लागू नये, म्हणून आत्यानं स्वतःचाच हात बाहेर काढला होता.

मी पडदा ओढून पाडला. “तो हात आत्याचा हाय! माही माय इथं हाय!”

आत्यानं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. “लाज सोडली का वं, पोरी?”

“सोडली! डॉक्टरसाहेब, आता तरी मायले पाहा.”

आई वाचली नाही. आत्या दुष्ट नव्हती, हे आज कळतं. तिनं घराची अब्रू राखली, एवढंच. मी मात्र त्या दिवशी सोडलेली लाज पुन्हा उचलली नाही. आजही बाळंतिणीच्या खोलीत शिरले की आधी पडदा काढते, मग नाडी धरते.