बाक जेवलं का?

आम्रपाली मॅडम आज जेवल्या असतील का, हा विचार वनमालाच्या डोक्यातून सकाळपासून जात नव्हता. पोळ्या लाटताना तोच, कपडे वाळत घालताना तोच. खरं तर काळजी करायला तिला स्वतःची मुलगी होती. राजनंदिनी बारावीला, बीडच्या वसतिगृहात, नीटची परीक्षा तोंडावर. आणि वनमालाचा स्वभाव असा, की पाटोद्याच्या स्टँडवर एसटीला जरा उशीर झाला तरी तिला रस्त्यात उलटलेली गाडी दिसायची. पण या आठवड्यात मुलगी बाजूला राहिली आणि मुलीच्या मॅडम मनात ठाण मांडून बसल्या. रविवारी पालकसभेत त्या उभ्या राहणार आणि त्यांच्या शेजारी कुणीही नसणार. जिनं आयुष्यभर एकाही पोरीला एकटं बसू दिलं नाही, तिच्याच शेजारी कुणी नसणार.

मॅडम मूळच्या गेवराईकडच्या. वडील माणिकराव टपाल वाटायचे, आई सरूबाई घरचं आवरून दुसऱ्याच्या रानात जायची. आम्रपाली शिकायला औरंगाबादला गेली. वसतिगृहाच्या खोलीत चौघी, चौघी हुशार आणि चौघींच्या पाठी एकमेकींकडे. एकदा ती तापानं फणफणून पडून राहिली, तर बाकीच्यांना वाटलं, ही डोळे मिटून पाठांतर करतीय. "हुशार माणसांच्या खोलीत मरायचीबी सोय न्हाई, कुणाच्या ध्यानातच येत न्हाई," असं मॅडम हसून सांगायच्या. ऐकणाऱ्याला मात्र हसू यायचं नाही.

एम.एस्सी. होऊन त्या बीडला आल्या आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवू लागल्या. दरवर्षी तेच बघायच्या. दहावी झाली की मुलं लातूरला जायची, कोट्याला जायची. त्यांच्याहून हुशार मुली घरी बसायच्या, कारण पोरीच्या जातीला एवढं लांब कसं पाठवायचं. "मग लांबचं इथं आणू," म्हणून मॅडम जागा शोधत फिरल्या आणि विठ्ठलरावांच्या दारात गेल्या. विठ्ठलरावांचं कापसाचं जिनिंग होतं, गोदाम रिकामं होतं. म्हातारा म्हणाला, "दसऱ्यापर्यंत वापर पोरी. मग माझा कापूस येतो."

दसरा आला, कापूस आला, पण पोरी हलल्या नाहीत. अर्ध्या गोदामात कापसाचा ढीग, अर्ध्यात फळा. फळ्यावर समीकरण, पोरींच्या केसांत कापसाचे धागे आणि सगळ्यांना शिंका. त्या पहिल्या मुलींना बीडात अजून 'शिंकरी बॅच' म्हणतात. त्यातल्या दोघी डॉक्टर झाल्या, म्हातारा पेढे वाटत फिरला आणि कापसासाठी दुसरं शेड भाड्यानं घेतलं. आज तिथं तीन मजली इमारत आहे, पाटीवर लांबलचक नाव आहे, मागं वसतिगृह आहे, पुढं मुलांचाही वर्ग निघाला. पण रिक्षावाल्याला ते नाव सांगून उपयोग नाही. 'गोदाम' म्हणावं लागतं.

सुरुवातीला पुस्तकं कमी होती. बंद पडलेल्या एका शाळेची बाकं मिळाली होती, दोघींना एक. पुस्तकही दोघींना एक. म्हणून मॅडमनी नियम केला: बाकावर एक भराभर समजणारी, एक सावकाश समजणारी. शनिवारच्या परीक्षेला मॅडम दोघींपैकी कुणालाही फळ्याशी उभं करणार आणि तिला पडतील ते गुण दोघींचे. पुढं प्रत्येकीला पुस्तक मिळालं, बाक मात्र तसंच राहिलं. हजेरीत आडनाव नव्हतं, बाकाचा नंबर आणि नुसतं नाव. मधल्या काळात बीडात माणसं चहाची टपरीसुद्धा आडनाव बघून निवडू लागली, तेव्हा काही पालक बाक बदलून मागायला आले. मॅडम म्हणाल्या, "बदलते की. कारण तेवढं लिहून द्या आन् खाली सही करा." एकानंही सही केली नाही.

आणि मेसच्या दारात उभं राहून मॅडम रोज विचारायच्या, "सात नंबर, बाक जेवलं का?" एकीनं होय म्हणून चालायचं नाही. दोघींनी म्हणावं लागायचं.

सात नंबरचं बाक राजनंदिनीचं. तिच्या शेजारी उमापूरची शिवकन्या, उंच, बडबडी आणि गणिताला घाबरणारी. पहिल्या महिन्यात वनमालानंच कुरकुर केली होती, की आमच्या पोरीचे गुण या पोरीपायी जातात. पण दिवाळीआधी एका सराव परीक्षेत राजनंदिनी घसरली आणि तिनं बोलणंच बंद केलं. फोनवर "बरी आहे" म्हणायची. पाटोद्यात बसून सगळ्या जगाची काळजी करणाऱ्या आईला नेमकं हेच कळलं नाही. शिवकन्या मेसच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, बाक जेवलं न्हाई. कालबी न्हाई." मॅडमनी राजनंदिनीला स्वतःच्या घरी नेलं. सरूबाई तेव्हा होत्या. म्हातारीनं पिठलं टाकलं आणि एक अक्षर न विचारता शेजारी बसून राहिली. आठवड्यानं पोरगी परत भांडायला लागली, तेव्हा कुठं वनमालाला हे सगळं कळलं.

सरूबाई माघात गेल्या. विठ्ठलराव तर कधीच गेले होते, संस्थेचे अध्यक्ष आता त्यांचा मुलगा विजयसिंह. माणूस वाईट नव्हता. पण चौकाचौकात दुसऱ्या क्लासेसचे फलक लागले, टॉपरचे फोटो माणसाएवढे, आणि विजयसिंहाची झोप उडाली. त्यानं 'स्टार बॅच' काढायचं ठरवलं. वरचे पंचवीस वरच्या मजल्यावर, एसी हॉल, वेगळे शिक्षक, वेगळी मेस. बाकाऐवजी एकेकट्या खुर्च्या. यादीत राजनंदिनीचं नाव तिसरं होतं.

मंगळवारी त्यानं या पंचवीस घरच्यांना ऑफिसात बोलावलं. वनमाला आणि तिचे यजमान मोहनराव पाटोद्याहून गेले. चहा झाला. मॅडम दाराशी उभ्याच होत्या.

"मॅडम," विजयसिंह हसत म्हणाला, "ह्ये कोचिंग हाय, पंगत न्हाई."

"पंगतीत निदान सगळ्यांना एकच भाजी वाढतात, दादा," मॅडम म्हणाल्या. "तुमी वरच्या मजल्यावर श्रीखंड वाढायला निघालात. खालच्यांनी वास घ्यायचा?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

"काळ बदलला. पालकांनाच पायजे ह्ये. पंचवीस घरांतून एक तरी 'नको' आलंय का? एक दाखवा, मी रविवारी विषयच काढत न्हाई." मग तो सगळ्यांकडे वळला. "कुणाचं काही असलं तर शुक्रवारपर्यंत मला फोन करा. न्हाईतर रविवारी सभेत जाहीर करतो."

मोहनरावांनी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. वनमालानं हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. मॅडमनी कुणाकडे रोखून पाहिलं नाही. तास होता, त्या निघून गेल्या.

बाहेर पायऱ्यांवर, ऑफिसच्या उघड्या दारासमोर, दोघी पोरी वनमालानं आणलेला लाडवाचा डबा उघडून बसल्या होत्या.

"काकू, जाऊ द्या तिला वर," शिवकन्या लाडू फोडत म्हणाली. "एसी हाय म्हणं. मी खालून हाळी मारीन, जेवलीस का गं म्हणून."

"तू गप बस बरं," राजनंदिनी म्हणाली. मग आईकडे न बघता, "मी नाही जाणार. बाबांनी मान हलवली ती त्यांची. माझी मान माझ्याकडंच हाय."

"अगं, पण एका मार्कानं सीट गेली तर?"

"गेली तर माझी जाईल ना. आणि ऑक्टोबरात मी जेवण सोडलं, मीच जाणार होते, तेव्हा कुणी मार्क मोजले?"

वनमालानं पायरीवरचं डब्याचं झाकण उचलून पदरानं पुसलं. मग तिनं विचारलं, "मॅडम जेवतात ना गं नीट?"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. "आजी गेल्यापासनं कुणी बघितलंच न्हाई," शिवकन्या म्हणाली. "त्यांना कोण इचारणार?"

तेव्हापासून हा विचार तिच्या मागं लागला होता. आज शुक्रवार. मोहनराव दुपारी जेवायला आले, ताटावर बसले आणि म्हणाले, "लोक नशीब म्हणतील याला. तू का म्हणून तोंड पाडून बसलीस?"

"मला ती खुर्ची नको."

"कुठली खुर्ची?"

"वरची. एकटीची."

"वनमाला, उद्या निकाल लागला आन् काही कमीजास्त झालं, तर सगळे तुझ्याच नावानं बोटं मोडतील. मीसुद्धा."

"मोडा," ती म्हणाली. "मी आयुष्यभर घाबरतच आलेय. आता माझ्या मर्जीनं घाबरते. आणि माझी पोरगी एकटी बसून पहिली आली, तर त्या पहिल्या येण्याचीही मला भीतीच वाटेल."

मोहनरावांनी ताट पुढं ओढलं. मग पोळी मोडत म्हणाले, "विजयसिंह तसा रागीट हाय. नीट बोल."

"नीटच बोलणार आहे."

तिनं हात पुसले. पंचवीस घरांतून एक 'नको' पाहिजे होतं त्याला. राजनंदिनीचं नाव काढा, ती सात नंबरच्या बाकावरच बसेल, एवढं आधी सांगायचं. मग, रविवारी मी येतेय, मॅडमच्या शेजारची खुर्ची माझी धरून ठेवा, हेही. आणि सभा सुरू व्हायच्या आधी मी त्यांना तुमच्यासमोर, जेवलात का, असं विचारणार आहे, तेव्हा मेसमध्ये दोन ताटं सांगून ठेवा.

तिनं विजयसिंहाचा नंबर काढला आणि बटण दाबलं.