कणांना राग येत नाही

"यात कण कुठायत, मॅडम?" लातूरहून आलेल्या शिंदे सरांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

समोर माझी विद्यार्थिनी वैशाली कांबळे, हातात मार्कर. कोपऱ्यात मी, तिचा गाईड. टेबलापलीकडे आरआरसी, म्हणजे पीएचडीचा विषय मंजूर करणारी कमिटी. आमचा नांदेडचा विभाग थिअरीवाला. कण एकमेकांवर आदळवायचं मशीन आमच्याकडे नाही, आम्ही ते फळ्यावर आदळवतो. स्वस्त पडतं आणि आवाजही होत नाही.

वैशालीचा विषय होता, माणसांचं जाळं वाढतं कसं? माणूस म्हणजे ठिपका, ओळख म्हणजे रेघ. नवी रेघ कुणाकुणात पडेल, याचं गणित तिनं कणांच्या मॉडेलवरून बांधलं होतं. विद्युतभार असलेले कण एकमेकांना ओढतात, ढकलतात. बिनभाराचा कण शेजारून गेला तरी त्यांना पत्ता लागत नाही. तिच्या समीकरणातही असा एक भार होता.

मागच्या वेळी कमिटी म्हणाली, हे समाजशास्त्र. समाजशास्त्रवाले म्हणाले, इतकी समीकरणं? हे फिजिक्स. आज पुन्हा नकार आला तर फेलोशिप गेली आणि पोरगी अहमदपूरला परत.

"मला तर हे समाजशास्त्रच वाटतंय," अध्यक्ष देशमुख सर म्हणाले. तेवढ्यात चहा आला. चहा आला की आमच्याकडे कुठलंही शास्त्र थांबतं.

"सर, तुम्ही मूळचे इथलेच का?" शिंदे सरांनी चहा बशीत ओतत देशमुख सरांना विचारलं.

"नाही हो, देगलूरचा."

"देगलूर? मग मारोतराव गुत्तेदार तुमचे कोण?"

"मामा की! चुलत."

"अहो, ते आमच्या साडूचे व्याही! लई घरोबा आपला!"

"म्हणजे तुम्ही तर पाव्हणेच निघाले!"

दोघांचे चेहरे उजळले. वैशाली शांतपणे फळ्याकडे वळली आणि ठिपके काढू लागली. देशमुख, मामा, साडू, शिंदे. मध्ये रेघा.

खुशीत आलेल्या शिंदे सरांनी तिलाही विचारलं, "तुमचं गाव कोणतं, बाई?"

"अहमदपूर तालुका, सर."

"अरे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या! कुणाच्या तुम्ही? आडनाव काय म्हणालात?"

"कांबळे."

"बरं, बरं. छान. चहा घ्या."

वैशालीनं फळ्याच्या पार कोपऱ्यात आणखी एक ठिपका काढला. रेघ काढली नाही.

"सर, समीकरणातला भार तो हाच," ती म्हणाली. "जुळला तर चहा संपायच्या आत रेघ पडते. नाही जुळला तर 'बरं, बरं' येतं."

शिंदे सर फळ्यावरचा स्वतःचा ठिपका बघत राहिले. मी माझा रिकामा कप लई मन लावून पिऊन राहिलो होतो.

"मग हे... नेमकं कशात बसतं?" देशमुख सरांनी मला विचारलं.

नाटकातल्यासारख्या अशा एंट्रीची मी आयुष्यभर वाट पाहिली होती. मी उठलो, कप ठेवला, घसा साफ केला. "सर, समाजशास्त्र म्हणायचं असेल तर उदाहरण म्हणून हा फळा बैठकीच्या मिनिट्समध्ये घ्यावा लागेल. नावांसकट."

"आणि फिजिक्स म्हटलं तर?"

"तर काय, नुसते कण."

देशमुख सरांनी नव्या पाव्हण्यांकडे पाहिलं. पाव्हण्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"मला तर कणच दिसून राहिलेत," शिंदे सर म्हणाले. "शुद्ध फिजिक्स आहे हे."

सह्या झाल्या. फेलोशिप वाचली. जाताना देशमुख सरांनी स्वतःच्या हातानं फळा पुसला. अध्यक्षांच्या हातात डस्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मामा गेले, साडू गेले, सगळ्या रेघा गेल्या. कोपऱ्यातल्या ठिपक्यापर्यंत मात्र त्यांचा हात पोचला नाही.

हल्ली पोरं विचारतात, सर, माणसांबद्दल खरं लिहायचं असेल तर कुठला विषय घ्यावा? मी सांगतो, फिजिक्स घ्या. कणांना राग येत नाही. आणि माणसांनाही, कण म्हटलं की, बरंच सुटल्यासारखं वाटतं.